डिस्क ‘लिहिलं’ म्हणते तेव्हा: व्हीएमवरच्या डेटाबेससाठी डिस्कची मांडणी

प्रश्न असा आला आहे. फोंड्यातली औषधांच्या घाऊक वितरणाची पेढी, कुंडईला गोदाम, मडगावात शाखा. चाळीसेक माणसं दिवसभर बिलं करतात. पोस्टग्रेसचा डेटाबेस २८० जीबी झालाय आणि वर्षाला साठेक जीबीने वाढतोय. जुन्या टॉवरची दमछाक झाली म्हणून नवा सर्व्हर घेतला: १२८ जीबी रॅम, १.९२ टीबीच्या चार एसएसडी, ४ टीबीच्या दोन फिरत्या डिस्क. त्यावर प्रॉक्समॉक्स (एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारी प्रणाली) टाकून डेटाबेस एका व्हीएममध्ये, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमध्ये, हलवायचाय. सर्व्हर विकणाऱ्याचा सल्ला, ‘चारही एसएसडींचा रेड-५ करा, त्यातून एकच मोठी थिन डिस्क द्या, विषय संपला.’ (रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधायची पद्धत; थिन म्हणजे कागदावर मोठी, पण वापरली तेवढीच जागा घेणारी डिस्क.) विचारणाऱ्यांना तीन गोष्टी हव्यात: एक डिस्क की चार? रेड कुठला? आणि डिस्क जोडताना ‘कॅश’चा जो ड्रॉपडाउन येतो त्यात काय निवडायचं?

तिसरा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारलाय, पण मी तिथूनच सुरू करणार. पहिले दोन चुकले तर सर्व्हर हळू चालेल किंवा जागा वाया जाईल. तिसरा चुकला तर डेटा जाईल, आणि तो गेलाय हे कदाचित महिन्याभराने कळेल.

बिल सेव्ह केलं की पोस्टग्रेस ते आधी राइट-अहेड लॉगमध्ये लिहितो. आम्ही सगळे त्याला वॉल म्हणतो, मीही पुढे तेच म्हणेन. लिहून झालं की तो एफसिंकची हाक मारतो: हे आत्ताच्या आत्ता डिस्कवर उतरव आणि उतरल्यावरच मला सांग. ते उत्तर आलं की मगच काउंटरवरच्या मुलाला ‘सेव्ह झालं’ दिसतं. साध्या मशीनवर ही हाक दोन-तीन हातांतून जाते. व्हीएममध्ये ती गेस्टच्या (म्हणजे व्हीएमच्या) कर्नलकडून व्हर्च्युअल डिस्कच्या ड्रायव्हरकडे, तिथून होस्टवरच्या (म्हणजे खऱ्या मशीनवरच्या) क्यूईएमयूकडे, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रामकडे, मग होस्टच्या फाइल सिस्टिमकडे किंवा डिस्क एकत्र बांधणाऱ्या झेडएफएसकडे, मग रेड कंट्रोलर आणि त्याच्या कॅशकडे, आणि शेवटी एसएसडीच्या पोटातल्या छोट्या रॅमपर्यंत जाते. यातला कुणीही मधेच ‘झालं, झालं’ म्हणू शकतो. फोंड्याला बसच्या कंडक्टरकडे पाकीट द्यावं आणि हातात घेता घेताच त्याने ‘पणजीला पोचलं समजा’ म्हणावं, तसं. नव्याण्णव वेळा पोचतंच. शंभराव्या वेळी बस वाटेतल्या बाणस्तारीला बंद पडते.

ती शंभरावी वेळ मी पाहिलीय. एका पतसंस्थेचा सर्व्हर होता. जूनचा पहिला मोठा पाऊस, रात्री वीज गेली, यूपीएसने दहा मिनिटांत मान टाकली. सकाळी मशीन नीट उठलं, डेटाबेसही उठला, सगळ्यांनी चहा घेतला. चार दिवसांनी मुदत ठेवींचा अहवाल काढताना पडद्यावर ओळ आली: ‘इनव्हॅलिड पेज इन ब्लॉक’ आणि पुढे एक आकडा, म्हणजे डेटाबेसचं एक पान बिघडलेलं. मशीनचं झाकण काढलं तर रेड कंट्रोलरची बॅटरी फुगलेली. वीज गेल्यावर कंट्रोलरच्या रॅममधलं न उतरलेलं लिखाण हीच बॅटरी जपते. बॅटरी मेली की शहाणा कंट्रोलर आपणहून राइट-बॅक कॅश (रॅममध्ये घेऊन लगेच ‘झालं’ म्हणणं) बंद करतो आणि सगळं हळू होतं. इथे कुणीतरी ‘सर्व्हर हळू झालाय’ या तक्रारीवर उपाय म्हणून ‘बॅटरी नसली तरी कॅश वापर’ हे सेटिंग करून ठेवलं होतं. कंट्रोलर बोंबलला नसेल असं नाही. त्याच्या बझरवर सेलोटेपचे दोन थर चिकटवलेले सापडले.

तर, ड्रॉपडाउन. प्रॉक्समॉक्समध्ये आपोआप येतं ते ‘नो कॅश’, तेच राहू द्या. नावावरून वाटतं की कॅश नाही म्हणजे हळू, तसं नाही. होस्टची पेज कॅश (फाइलींची रॅममधली प्रत) फक्त वगळली जाते, आणि गेस्टने मारलेली फ्लशची हाक, म्हणजे तीच ‘आत्ता डिस्कवर उतरव’, खालपर्यंत पोचवली जाते. आपल्याला नेमकं हेच हवंय. ‘राइट बॅक’मध्येही फ्लशचा मान राखला जातो, म्हणून ते तत्त्वतः धोक्याचं नाही, पण एकच पान गेस्टच्या रॅममध्ये आणि होस्टच्या रॅममध्ये असं दोनदा बसतं, उपयोग शून्य. ‘राइट बॅक अनसेफ’ फ्लशकडे सरळ दुर्लक्ष करतं. वेग मोजणाऱ्या बेंचमार्कचे आकडे त्यावर इतके सुंदर येतात की मोह होतो. झेडएफएसवर ‘सिंक’ची प्रॉपर्टी ‘डिसेबल्ड’ करणं हा तोच मोह दुसऱ्या वेषातला. पोस्टग्रेसचं ‘एफसिंक ऑफ’ हा तिसऱ्या.

इथे एक फरक लोक गोंधळतात. ‘सिंक्रोनस कमिट ऑफ’ हे वेगळं सेटिंग आहे. त्यात वीज गेली तर शेवटच्या काही क्षणांचे व्यवहार जातील, डीफॉल्ट सेटिंगवर फार तर ०.६ सेकंदांचे, पण डेटाबेस मोडत नाही. स्कॅनरच्या नोंदी, लॉगिनचा इतिहास असल्या गोष्टींसाठी मी ते बिनधास्त वापरतो. औषधांच्या बिलांसाठी नाही, कारण गिऱ्हाइकाच्या हातात छापील बिल गेलेलं असतं.

आता तुमच्या चार एसएसडींचा मॉडेल नंबर बघा आणि डेटाशीटमध्ये ‘पॉवर लॉस प्रोटेक्शन’ शोधा. असेल तर आत छोटे कपॅसिटर असतात आणि वीज गेल्यावर ड्राइव्हच्या रॅममधलं सगळं उतरवायला ते पुरतात. म्हणून असा ड्राइव्ह ‘लिहिलं’ म्हणून लगेच सांगू शकतो आणि तरीही खरं बोलतो. लॅपटॉपच्या दुकानातल्या एसएसडीत हे सहसा नसतं. ती प्रामाणिक असेल तर प्रत्येक एफसिंकला थांबून राहते, आणि अप्रामाणिक असेल तर… बाणस्तारी. सर्व्हरबरोबर आलेल्या ड्राइव्ह ‘एंटरप्राइझ’ आहेत असं बिलावर लिहिलेलं पुरेसं नाही, स्टिकर वाचा. आणि हे नसेल तर बाकी काहीही करण्याआधी ड्राइव्ह बदलून घ्या. रॅम कमी घेतली असती तरी चाललं असतं, इथे काटकसर नको.

मोजायचं कसं? पोस्टग्रेसबरोबर ‘पीजी-टेस्ट-एफसिंक’ नावाचं छोटं साधन येतं. व्हीएमच्या आत, जिथे वॉल राहणार त्याच डिस्कवर ते चालवा आणि ‘एफडेटासिंक’ची ओळ बघा, कारण लिनक्सवर पोस्टग्रेस मुळात तीच पद्धत वापरतो. आकडा वाचायला एक साधा हिशेब हाताशी ठेवा. मिनिटाला ७२०० फेरे मारणारी डिस्क सेकंदाला १२० फेरे मारते. त्यामुळे एकामागून एक, प्रत्येक वेळी थांबून केलेलं लिखाण तिच्यावर सेकंदाला शे-सव्वाशेच्या वर जाऊच शकत नाही. कॅश नसलेल्या फिरत्या डिस्कवर तुम्हाला ५००० दिसले तर मधे कुणीतरी थाप मारतंय. कपॅसिटर नसलेल्या एसएसडीवर काही शे ते एक-दोन हजार, कपॅसिटरवाल्यावर कित्येक हजार, हा माझ्या अनुभवातला अंदाज. स्वस्त ड्राइव्हवर वीस हजार दिसले तर खूश होऊ नका.

पण आकडा म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा हवा असेल तर प्लग ओढायचा. दुसऱ्या एका मशीनवरून, तुमच्या लॅपटॉपवरूनही चालेल, एका टेबलात १, २, ३ असे आकडे घालत राहणारी दहा ओळींची स्क्रिप्ट चालवा. प्रत्येक आकडा वेगळा कमिट (पक्का केलेला व्यवहार), आणि कमिटचं उत्तर आल्यावरच तो आकडा लॅपटॉपवरच्या फाइलमध्ये लिहायचा. दोन मिनिटं चालू द्या आणि होस्टच्या दोन्ही पॉवर केबल एकदम उपटा. व्हीएमला ‘स्टॉप’ करणं म्हणजे ही चाचणी नव्हे, खरी वीज जायला हवी. मशीन परत उठल्यावर टेबलातला सर्वांत मोठा आकडा आणि लॅपटॉपवरचा शेवटचा आकडा जुळवा. टेबलात एखादा जास्त असेल, चालेल. त्याचं उत्तर वाटेत हरवलं. टेबलात कमी असेल तर तुमच्या साखळीत कुणीतरी खोटारडा आहे आणि त्याला शोधेपर्यंत पुढे जायचं नाही. मी हे पाचेक वेळा ओढून बघतो. अर्थात डेटा हलवण्याआधी, मशीन रिकामं असताना.

रेडचं उत्तर यापुढे सोपं आहे. रेड-५मध्ये एक डिस्क मेली तर तिचा डेटा परत काढता यावा म्हणून पॅरिटी नावाचा हिशेब ठेवतात, त्यामुळे एक छोटं लिखाण म्हणजे चार कामं: जुना डेटा वाच, जुनी पॅरिटी वाच, नवा डेटा लिही, नवी पॅरिटी लिही. आरशात, म्हणजे रेड-१ किंवा १०मध्ये, दोनच. डेटाबेसचं लिखाण नेमकं असंच छोटं आणि विखुरलेलं असतं, पोस्टग्रेसचं पान अवघं ८ केबीचं. शिवाय रेड-५ने तुम्हाला ५.७६ टीबी मिळतील, दोन आरशांनी ३.८४. तुमचा डेटाबेस २८० जीबी आहे हो! त्या जास्तीच्या दोन टीबींत तुम्ही काय ठेवणार? विकणाऱ्याने टीबी मोजले कारण त्याला तेवढंच मोजता येतं.

मी तुमच्या जागी असतो तर रेड कंट्रोलर एचबीए मोडमध्ये टाकून, म्हणजे त्याला मधून बाजूला करून, झेडएफएसचे दोन मिरर (आरसे) केले असते. साखळीतला एक हात कमी होतो, चेकसम (बिघडलेला डेटा पकडणारा पडताळणीचा आकडा) फुकटात मिळतो, मरायला बॅटरीच राहत नाही. हार्डवेअर रेडवर झेडएफएस मात्र नको, दोघांपैकी एकच कुणीतरी घरचा कर्ता असू दे. झेडएफएस घेतलात तर दोन गोष्टी सांभाळा. त्याची एआरसी नावाची रॅममधली कॅश लिनक्सवर बरीच वर्षं होस्टची निम्मी रॅम आपली समजत आली आहे. प्रॉक्समॉक्सच्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये मर्यादा येते, तरी स्वतः तपासून १० जीबीच्या आसपास बांधून टाका. आणि त्यावर व्हीएमच्या डिस्कसाठी क्यूकाऊ-२ प्रकारची फाइल ठेवू नका. झेडएफएस स्वतःच कॉपी-ऑन-राइट आहे, म्हणजे जुन्यावर न लिहिता नव्या जागी लिहितं, त्यावर परत कॉपी-ऑन-राइट म्हणजे दोन मुकादम आणि एक गडी. झेडव्हॉलच (झेडएफएसने थेट दिलेली व्हर्च्युअल डिस्क) वापरा, ब्लॉक १६ केबी. दोन फिरत्या डिस्कचा वेगळा मिरर करा, तो फक्त बॅकअपच्या पहिल्या थांब्यासाठी.

एक डिस्क की चार? माझं मत: तीन, पण वेगासाठी नव्हे. वीस वर्षांपूर्वी लॉग आणि डेटा वेगळ्या डिस्कवर ठेवायचे ते खरोखर वेगळ्या तबकड्या असायच्या म्हणून. एकीचं हेड लॉगच्या शेवटाशी स्थिर राहायचं. तुमच्या तिन्ही व्हर्च्युअल डिस्क त्याच चार एसएसडींवर बसणार. नकाशावर तीन रस्ते काढले म्हणून पूल तीन होत नाहीत. डिस्क वेगळ्या करायच्या त्या एक भरली तर दुसरी बुडू नये म्हणून.

वॉलची जागा संपली तर पोस्टग्रेस पॅनिक होऊन बंद पडतो. डेटाची जागा संपली तर लिखाणं एरर देतात, पण तो सहसा उभा राहतो आणि वाचायला देतो. आणि वॉल भरण्याची कारणं नेहमी फालतू असतात. मडगावच्या शाखेत रेप्लिका (डेटाबेसची सतत ताजी राहणारी नक्कल) लावली, ती कुणीतरी काढून टाकली, पण मुख्य सर्व्हरवरचा रेप्लिकेशन स्लॉट, म्हणजे ती कुठवर पोचली याची नोंद, तसाच राहिला: पोस्टग्रेस बिचारा तिच्यासाठी वॉलच्या १६ एमबीच्या फाइली साठवत बसतो, कायमचा. त्यावर ‘मॅक्स स्लॉट वॉल कीप साइझ’ ही मर्यादा १३व्या आवृत्तीपासून आहे, पण डीफॉल्टने ती लावलेली नसते. लावा. वॉलच्या फाइली दुसरीकडे जपून ठेवणारी आर्काइव्हची कमांड फसत राहिली तरी हेच होतं.

म्हणून ४० जीबी सिस्टिमला, ८० जीबी वॉलला, ८०० जीबी डेटाला. डेटाला इतके का? कारण एखादं मोठं टेबल नव्याने लिहून काढायचं झालं, इंडेक्स परत बांधायचे झाले, किंवा मोठ्या आवृत्तीबदलात डेटा कॉपी करून घ्यायचा झाला, तर दुप्पट जागा लागते. वाढवणं नंतर सोपंच आहे, म्हणून आज २ टीबी देऊ नका. तिन्ही डिस्क ‘व्हर्ट-आयओ स्कझी सिंगल’ कंट्रोलरवर, प्रत्येकीला आयओ-थ्रेड (डिस्कच्या कामासाठी वेगळा धागा) चालू, ‘डिस्कार्ड’ (पुसलेली जागा खाली परत देणं) चालू.

फाइल सिस्टिमवर लोक तासन्‌तास भांडतात. एक्सएफएस किंवा ईएक्सटी-४, तुमच्या माणसाला जी येते ती. एक्सएफएस वाढतं पण आकसत नाही; ईएक्सटी-४ डीफॉल्टने ५ टक्के जागा रूटसाठी बाजूला ठेवते, ८०० जीबीतले ४० गेले, डेटाच्या डिस्कवर ते कमी करा. डेटा आणि वॉलच्या डिस्कवर पार्टिशन न करता सरळ फाइल सिस्टिम घाला, म्हणजे उद्या वाढवताना एक पायरी कमी. ‘नो-ए-टाइम’ लावा, म्हणजे फाइल नुसती वाचली तरी वेळेची नोंद लिहिली जात नाही. माउंट नेहमी यूयूआयडीने (डिस्कच्या न बदलणाऱ्या ओळख-क्रमांकाने) करा, एसडी-बी आणि एसडी-सी ही नावं रीबूटनंतर एकमेकांच्या जागी येऊ शकतात.

आणि डेटाची डिरेक्टरी माउंट पॉइंटवर थेट ठेवू नका, त्याच्या आत एक उपडिरेक्टरी करा. पोस्टग्रेसच्या मॅन्युअलमध्येही हे सांगितलंय आणि मी ते एकेकाळी वाचलं नव्हतं. डिस्क माउंट झाली नाही, खाली रिकामा फोल्डर होता, आणि माझ्याच स्क्रिप्टमध्ये ‘डिरेक्टरी रिकामी असेल तर नवीन डेटाबेस तयार कर’ असं लिहिलेलं होतं. सर्व्हर झकास उठला, टेबल एकही नाही. त्या सकाळी मालकांचा फोन उचलताना हाताला कापरं होतं. डेटा सुखरूप होता, पण ते कळायला पाऊण तास गेला.

स्नॅपशॉटचं, म्हणजे डिस्कची त्या क्षणीची स्थिती गोठवून ठेवण्याचं, चवथीवरून (गणेश चतुर्थीवरून) सांगतो. चवथीच्या आदल्या दिवशी अपडेट करायचं म्हणून मी एका ग्राहकाच्या डेटाबेस व्हीएमचा स्नॅपशॉट घेतला, दुसऱ्या हायपरव्हायजरवर (प्रॉक्समॉक्ससारख्याच, व्हीएमवेअरच्या प्रणालीवर). अपडेट नीट झालं, गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीचं सामान आणायला म्हापशाचा बाजार गाठायचा होता, स्नॅपशॉट काढायचा राहिला. माणसं आपापल्या मूळ गावी, ऑफिसला कुलूप, पण रात्रीची ठरलेली कामं मशीन करतच होतं. स्नॅपशॉट असताना प्रत्येक बदललेला ब्लॉक वेगळ्या डेल्टा फाइलमध्ये जातो, आणि डेटाबेस दिवसभर ब्लॉक बदलण्याशिवाय दुसरं काय करतो? पाचव्या दिवशी विसर्जनाच्या मिरवणुकीत फोन आला: डेटास्टोअर भरलं, व्हीएम गोठलंय. व्हीएमवेअर स्वतः सांगतं की एक स्नॅपशॉट ७२ तासांहून जास्त ठेवू नका. मी आता डेटाबेसच्या मशीनवर दिवस संपायच्या आत काढतो, आणि कॅलेंडरमध्ये गजर लावूनच घेतो. झेडएफएसवर डेल्टा फाइल नसते, पण जुने ब्लॉक अडकून पडतात आणि पूल, म्हणजे झेडएफएसने एकत्र बांधलेली सगळी जागा, तसाच भरतो. पूल ८० टक्क्यांवर गेला की सूचना यायलाच हवी, थिन डिस्क वापरताना तर दुप्पट गरजेची. गेस्टला वाटतं ४०० जीबी मोकळे आहेत, आणि खाली पूलमध्ये श्वास घ्यायलाही जागा नसते.

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअपही नव्हे. ज्या एसएसडींवर मूळ डेटा आहे त्यांच्यावरच तो असतो. वॉल आणि डेटा वेगळ्या डिस्कवर असताना दोन्हींचे स्नॅपशॉट एकाच क्षणी झाले नाहीत तर त्यातून उठलेला डेटाबेस मोडका असेल. रोज रात्री ‘पीजी-बेसबॅकअप’ (पोस्टग्रेसचं पूर्ण बॅकअपचं साधन) फिरत्या डिस्कवर, वॉलचं आर्काइव्हिंग सतत मडगावच्या मशीनवर, आणि आठवड्याचा एक पूर्ण संचही मडगावला. महिन्यातून एकदा तिथेच तो उघडून कालचं शेवटचं बिल दिसतंय का बघायचं. न उघडलेल्या बॅकअपवर मी विश्वास ठेवत नाही.

पोस्टग्रेसमध्ये डिस्कशी संबंधित थोडंच बदला. ‘रँडम पेज कॉस्ट’ (विखुरलेलं पान वाचायला किती महाग याचा अंदाज) डीफॉल्टने ४ आहे, ती फिरत्या डिस्कच्या जमान्यातली, एसएसडीवर १.१ करा. ‘मॅक्स वॉल साइझ’ १ जीबीवरून १६ करा, म्हणजे चेकपॉइंट (रॅममधली बदललेली पानं डिस्कवर उतरवायची वेळ) सारखे धडकणार नाहीत. डेटा चेकसम चालू करा. १८व्या आवृत्तीत ते आपोआप चालू असतात. जुन्या आवृत्तीत १२पासून पुढे डेटाबेस बंद ठेवून चालू करता येतात. त्या पतसंस्थेत ते नव्हते. ब्लॉकचा मथळाच बिघडला होता म्हणून ती ओळ तरी आली. आतला मजकूर बिघडला असता तर अहवाल मुकाट्याने चुकीचा छापला गेला असता. ‘फुल पेज राइट्स’ (चेकपॉइंटनंतर पान पहिल्यांदा बदललं की ते अख्खं वॉलमध्ये लिहिणं) झेडएफएसवर बंद केलं तरी चालतं असं सांगणारे भेटतील. मी बंद करत नाही, तेवढ्या वेगाची तुम्हाला गरजच नाही.

व्हीएमला ६४ जीबी रॅम द्या, त्यातली १६ ‘शेअर्ड बफर्स’ला, म्हणजे पोस्टग्रेसच्या स्वतःच्या कॅशला. तुमचा रोजचा चालू डेटा, गेल्या दोन-तीन महिन्यांची बिलं आणि स्टॉक, तेवढ्यात बहुतेक मावेल आणि वाचण्यासाठी डिस्ककडे जावंच लागणार नाही. त्यानंतरही कुणी ‘हळू आहे’ म्हणालं तर आधी इंडेक्स बघा, डिस्क नंतर.

राहिला यूपीएस. तो नुसता ठेवायचा नाही, यूएसबीने होस्टला जोडायचा आणि होस्टवर ‘नट’ हे यूपीएसवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर लावायचं. बॅटरी चाळीस टक्क्यांवर आली की आधी डेटाबेसचं व्हीएम बंद, मग होस्ट. जनरेटर असला तरीही, कारण डिझेल संपल्याचं कुणी सांगत नाही. प्लग ओढायची चाचणी पावसाच्या आधी, एखाद्या रविवारी उरका, आणि केबल उपटण्यापूर्वी कुंडईच्या गोदामात फोन करून ठेवा. तिथल्या माणसाने ‘नेट गेलं’ समजून राउटरची वायर काढली तर परत उठलेला सर्व्हर तिथून का दिसत नाही हे शोधण्यात तुमचा अख्खा रविवार जाईल. माझा गेला होता.